उघाडी: बाहेर सोडणारे, आत न घेणारे दार

पेणहून वडखळमार्गे अलिबागकडे जाताना दोन्ही अंगांना जी सपाट भातजमीन, म्हणजे खारेपाट, पसरलेली दिसते, तिचा बराचसा भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली आहे. मातीचे बांध नसते तर दर अमावास्या-पौर्णिमेला खाडी या शेतांतून फिरून गेली असती. बांध खारे पाणी अडवतो हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तो नुसता अडवतच राहिला, तर आत पडणाऱ्या पावसाने जायचे कुठे? आषाढात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही आपल्याकडे नवलाई नाही, आणि १०० मिलिमीटर म्हणजे एका हेक्टरवर दहा लाख लिटर पाणी. हे गोडे पाणी बाहेर सोडायचे आणि त्याच वाटेने खाडीला आत येऊ द्यायचे नाही, हे काम उघाडी करते. यंत्रशास्त्रात तिला चेक व्हॉल्व्ह म्हणतात. ती कशी चालते, कशाने बिघडते आणि तिची निगा कशी राखायची, हे इथे एकेक पायरीने पाहू.

खारेपाट कसा उभा राहिला

भोगावती, अंबा आणि पाताळगंगा या नद्या धरमतरच्या खाडीला मिळतात. अंबेच्या काठाने वर गेले की नागोठणे लागते, म्हणजे रोहा तालुका. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याशी समुद्राला मिळते. या खाड्यांच्या काठाची खाजणे बांध घालून शेतीखाली आणायचे काम कित्येक पिढ्यांचे आहे. जुन्या शिलोत्री पद्धतीत जमीन उठवणाऱ्याकडे बाहेरच्या बांधाची देखभाल असे आणि त्याबद्दल त्याला कुळांकडून ठरावीक धान्य मिळे. गावाने मिळून बांधबंदिस्ती करायची ‘जोळ’ही याच भागातली. पुढे १९४८मध्ये मुंबई राज्याचा खार जमिनींचा कायदा झाला आणि १९७९मध्ये महाराष्ट्राचा खार जमीन विकास अधिनियम आला. आज शासकीय योजनांतले बांध आणि उघाड्या खारभूमी विकास विभागाकडे असतात. त्याचे एक कार्यालय पेणलाच आहे. व्यवस्था बदलत गेली, उघाडीचे तत्त्व मात्र तेच राहिले.

झडप मिटते कशी

बांधाच्या पोटातून एक मोरी आरपार जाते. आतल्या पाण्याचे चर जिथे नैसर्गिक उताराने एकत्र येतात, तिथेच ती बसवतात. मोरीच्या खाडीकडच्या तोंडाला चौकट असते आणि चौकटीवर वरच्या बाजूने टांगलेली झडप. बिजागऱ्या वर असल्याने झडप खालून उघडते, आणि उघडते ती फक्त बाहेरच्या बाजूला. आतल्या तोंडाशी बहुधा फळ्या सरकवायच्या खाचा असतात. शेतात किती पाणी राखायचे ते या फळ्यांवर ठरते.

ओहोटीला खाडी उतरते आणि आतले पाणी तिच्यापेक्षा उंच राहते. आतला दाब जास्त झाला की झडप बाहेर ढकलली जाते आणि पाणी निघून जाते. भरती चढू लागली की दोन्हीकडची पातळी जवळ येते, प्रवाह मंदावतो आणि झडप स्वतःच्या वजनाने चौकटीवर येऊन टेकते. चौकट किंचित कलती ठेवलेली असेल तर हे टेकणे आपोआप आणि लवकर होते. यानंतर खाडी जितकी चढेल तितकी झडप घट्ट बसते. दोन्हीकडच्या पातळीत एक मीटरचा फरक पडला, तर बुडालेल्या एक चौरस मीटर झडपेवर एक टनापेक्षा थोडा जास्त भार येतो. दार दाबून धरायला कुलूप लागत नाही, माणूस लागत नाही. ज्याला आत यायचे आहे ते पाणीच दार लावून घेते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड असते. दोन मीटर खाऱ्या पाण्याचा तळाशी जो दाब पडतो, तो तोलायला गोडे पाणी दोन मीटर पाच सेंटिमीटर लागते. म्हणून दोन्हीकडची पातळी डोळ्यांना सारखी दिसत असतानाच झडपेचा खालचा काठ बंद होऊ लागतो. पाच सेंटिमीटर हा आकडा लहान वाटेल, पण उघाडीचे सगळे गणित अशा सेंटिमीटरांवरच चालते.

ओहोटीचे पाच तास

एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ झडप बंद असते. पाणी काढायला, धरून चालू, एका ओहोटीला पाच तास मिळतात. आतले पाणी खाडीपेक्षा फक्त पाच सेंटिमीटर उंच असेल तर ते सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने निघते. मोरीच्या काठांमुळे प्रवाह आकसतो. तो हिशेब धरला तर एक चौरस मीटर तोंडातून सेकंदाला ६०० लिटर, म्हणजे पाच तासांत एक कोटी लिटरांवर पाणी जाते. १०० मिलिमीटर पाऊस झालेल्या दहा हेक्टरांचे पाणी एका ओहोटीत, वीस हेक्टरांचे दिवसभरात.

आता बिजागरी गंजून जड झाली आणि झडप हलवायलाच आणखी पाच सेंटिमीटर पाणी लागू लागले असे समजा. मग त्या उघाडीवर अवलंबून असलेल्या प्रत्येक खाचरात पाणी पाच सेंटिमीटर जास्त तुंबते. नुकत्याच रुजलेल्या रोपाची उंचीच बोटभर असते; त्याच्या दृष्टीने हा जगण्या-मरण्याचा फरक आहे. एका सांध्याला वेळेवर ग्रीस लावण्याचे मोल एवढे मोठे आहे.

झडप कशाने बिघडते

पहिले कारण अडकलेला कचरा. पेंढा, फांद्या, प्लास्टिकच्या पिशव्या, जाळ्याचे तुकडे पाण्याबरोबर मोरीत येतात. ओहोटी संपताना त्यातले एखादे लाकूड झडप आणि चौकट यांच्यामध्ये राहते आणि झडप अर्धवट मिटते. फट तळाशी पडते, शिवाय दोन्ही बाजूंना त्रिकोणी फटी राहतात.

दुसरे कारण जिवंत आहे. खाडीत बुडलेल्या प्रत्येक कठीण पृष्ठभागावर शेवाळ येते आणि मागोमाग कालवे व पांढरी, धारदार कवचे चिकटतात. चौकटीच्या ज्या पट्टीवर झडप टेकते, त्या बैठकीवर असे पाच-सहा जीव वाढले की झडप वरून मिटलेली दिसते आणि आतून गळते. झडप लाकडाची असेल तर लाकूड पोखरणारा खाऱ्या पाण्यातला जीव वेगळाच. तो बाहेर टाचणीएवढे भोक ठेवतो आणि आतून फळी पोकळ करतो. वरून ठोकून आवाज ऐकल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही.

तिसरे कारण गंज. कायम पाण्याखाली असणाऱ्या लोखंडापेक्षा दिवसातून दोनदा भिजणारे आणि दोनदा वाळणारे लोखंड लवकर खाल्ले जाते, कारण क्षार, ओल आणि हवेतला प्राणवायू तिन्ही तिथे एकत्र येतात. बिजागऱ्या आणि बोल्ट नेमके याच पट्ट्यात असतात. साध्या लोखंडाच्या झडपेला स्टेनलेसचे बोल्ट बसवले की बोल्ट टिकतात, पण दोन धातूंच्या संगतीत भोवतीचे साधे लोखंड जास्त वेगाने झिजते. मध्ये प्लास्टिकचे वॉशर घालावेत आणि बोल्टाभोवतीचा रंग दर वर्षी पाहावा.

चौथे कारण गाळ. उन्हाळ्यात आतून प्रवाह नसतो, तेव्हा प्रत्येक भरती झडपेच्या पायाशी थोडा थोडा चिखल ठेवून जाते. महिन्या-दोन महिन्यांत तो झडपेच्या खालच्या काठाच्या वर चढतो. पहिला मोठा पाऊस येतो तेव्हा झडप उघडतच नाही, आणि आतले पाणी बांधावरून वाट शोधू लागते.

पाचवे कारण माणसाचे आहे. मासे-कोळंबी आत यावी म्हणून कोणी झडपेखाली दगड किंवा ओंडका लावून ठेवतो. त्यालाही घर चालवायचे असते, म्हणून नुसत्या दटावण्याने हे थांबत नाही. त्याचा विचार पुढे केला आहे.

एक सेंटिमीटरची फट

गळती म्हणजे नेमके किती, याचा हिशेब प्रत्येक खारेपाटकऱ्याने एकदा स्वतः करून पाहावा. झडप एक मीटर रुंद आहे, तळाशी एक सेंटिमीटर फट आहे आणि खाडी आतल्यापेक्षा एक मीटर चढली आहे. त्या फटीतून सेकंदाला सुमारे २६ लिटर पाणी आत येते. तासाला ९५,००० लिटर. पाणी समुद्राइतके खारे असेल तर तासाला ३,३०० किलो क्षार, भरतीच्या तीन तासांत जवळजवळ दहा टन. खाडी निम्मीच खारी असली तरी पाच टन, आणि भरत्या दिवसाला दोन.

भात हे क्षार सोसणारे पीक नव्हे. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता मीटरला ३ डेसिसिमेन्सच्या वर गेली की उत्पादन घटू लागते आणि पुढच्या प्रत्येक एककाला साधारण १२ टक्क्यांनी कमी होत जाते. रोप कोवळे असताना आणि फुलोऱ्यात असताना फटका सर्वांत मोठा. म्हणून जूनच्या पहिल्या पावसाचे पाणी खाचरात साठवून, क्षार विरघळू देऊन उघाडीतून बाहेर सोडतात, आणि मग मोड आलेले बी फोकून रहू करतात. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ यांसारखे क्षार सोसणारे भाताचे वाण दिले आहेत. ते वाण मोठा आधार आहेत, पण गळक्या झडपेतून रोज येणारे टनभर मीठ सोसणारे वाण कुठेच नाही.

उन्हाळ्यातली गळतीही तितकीच वाईट. शेत रिकामे असते म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण आत आलेले खारे पाणी जमिनीखालची पातळी वर आणते, ऊन ते मातीच्या बारीक छिद्रांतून वर ओढते, पाणी उडून जाते आणि मीठ पृष्ठभागावर राहते. मेमध्ये शेतावर दिसणारा पांढरा थर हा मागच्या सहा महिन्यांचा हिशेब असतो.

तपासणी उधाणाला, दुरुस्ती भांगाला

झडपेचा उंबरा पाहायचा तर खाडी सर्वांत खाली गेलेली हवी. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तो दीड-दोन मीटरवर येतो. म्हणजे पूर्ण उघडा उंबरा अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीलाच दिसेल. वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमेला दुपारी साडेअकरा-बाराला भरती, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. खाडीत जितके आत जाल तितका उशीर धरावा. मे महिन्यात त्या वेळी चांगला उजेड असतो.

दुरुस्तीला मात्र भांग निवडावा. अष्टमीच्या आसपास भरती कमी चढते, त्यामुळे उघाडीच्या तोंडाशी घातलेला मातीचा तात्पुरता आडबांध टिकतो आणि आत कोरड्यात काम करता येते. बांधाला पडलेली खांड बुजवायलाही हेच दिवस योग्य.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. आधी झडप हाताने उचलून सोडावी. ती अडखळत खाली आली तर बिजागरी बिघडली आहे. मग बैठकीच्या पट्टीवरून बोट फिरवावे. खडबडीत लागेल तिथे कवचे खरवडून काढावीत, पण रबराची पट्टी कापली जाणार नाही हे पाहावे. पट्टी कडक होऊन तडकली असेल तर ती बदलणे हाच उपाय. झडपेच्या पायाशी चिखल काठाच्या खाली जाईपर्यंत काढावा. शेवटी भरती चढताना आतल्या तोंडाशी थांबावे. झडप मिटल्यावरही मोरीत पाणी आत सरकताना दिसले तर गळती आहे. चव घेऊन खारटपणा कळतोच, साधे क्षारमापक असेल तर अधिक नेमका कळतो.

वर्षाची आखणी अशी: मेमध्ये संपूर्ण तपासणी, गाळ, ग्रीस, रंग. जून ते सप्टेंबर दर उधाणाच्या आधी आणि मोठ्या पावसानंतर कचरा काढणे. कापणीनंतर पुन्हा कवचे खरवडणे, आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा गळती पाहणे. बांधावर फिरताना चिंबोऱ्यांची बिळे दिसली की तिथल्या तिथे माती ठासून बुजवावीत. झडप कितीही चांगली असली तरी पाणी तिच्या बगलेने बिळातून आले तर काय उपयोग?

जिताड्याची वाट

खारेपाटातल्या तळ्यांत जिताडा वाढवण्याची रीत जुनी आहे. हा मासा खाऱ्या पाण्यात, खाडीच्या मुखाशी अंडी घालतो आणि पिल्ले निमखाऱ्या व गोड्या पाण्याकडे सरकतात. पावसाच्या सुरुवातीला खाडीतून धरलेली पिल्ले तळ्यात सोडतात. झडप कायम बंद राहिली तर पिल्लांची वाट अडते आणि उघडी ठेवली तर भात जाते. यावर मार्ग असा की मासळीसाठी पाणी घ्यायचेच असेल तर ते शेताच्या उघाडीतून घेऊ नये. तळ्याला त्याची वेगळी मोरी असावी, तिला उचलता येणाऱ्या फळ्या असाव्यात, तळ्याभोवती आतला बांध असावा आणि फळ्या कधी उचलायच्या हे शेतकरी व मासळीवाले यांनी मिळून ठरवावे. दगड लावून अडवलेली झडप दोघांचेही नुकसान करते, कारण बांध एकदा फुटला की तळे आणि शेत दोन्ही खाडीत जातात.

घरातली खाऱ्या पाण्याची टाकी

हेच तत्त्व घरात समुद्री मासे पाळणाऱ्यांनाही लागू पडते. वरची टाकी, खाली पाणी शुद्ध करणारा सम्प आणि सम्पमधून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप, अशी रचना असते. वीज गेली की पंप थांबतो आणि वरचे पाणी त्याच नळीतून वक्रनलिकेच्या नियमाने खाली ओढले जाते, नळीचे वरचे तोंड उघडे पडेपर्यंत. टाकी १२० बाय ४५ सेंटिमीटर आणि नळीचे तोंड पाण्याखाली पाच सेंटिमीटर असेल, तर २७ लिटर पाणी सम्पमध्ये येते. सम्प भरलेला असेल तर ते जमिनीवर सांडते. ते थांबवायला नळीत चेक व्हॉल्व्ह बसवतात.

तो बिघडतो त्याच कारणांनी: बैठकीवर चुन्याचा थर, नळीकिडे, गोगलगायीचे पिल्लू, वाळूचा कण. प्रवाळाच्या टाकीत कॅल्शियम मुद्दाम जास्त राखलेले असते, म्हणून थर लवकर चढतो. व्हॉल्व्ह प्लास्टिकचाच घ्यावा. पितळेतले तांबे प्रवाळ आणि कोळंबीला मारते. दोन्ही बाजूंना युनियन बसवावेत, म्हणजे नळी न कापता तो काढता येतो. दर दोन-तीन महिन्यांनी तो पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन त्यात भिजवावा, बुडबुडे थांबले की मऊ ब्रशने घासून गोड्या पाण्याने धुवावा. बसवताना बाणाची दिशा पाहावी. मग पंप मुद्दाम बंद करून सम्पमधले पाणी कुठवर चढते तिथे खूण करावी. पुढच्या वेळी पाणी खुणेच्या वर गेले, तर व्हॉल्व्ह गळू लागला आहे.

आणि तरीही सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नये. नळीचे तोंड पाण्याच्या पातळीला लागून ठेवावे, पातळीच्या किंचित खाली नळीला हवा आत घेणारे लहान छिद्र पाडावे आणि ते दर आठवड्याला मोकळे आहे ना ते पाहावे. सम्पमध्ये परतणाऱ्या पाण्याला पुरेल एवढी जागा नेहमी रिकामी असावी. व्हॉल्व्ह अडकला तरी घर कोरडे राहील, अशी मांडणी हीच खरी मांडणी.

झडपेमागची तजवीज

खारेपाटातही शहाणपण हेच आहे. बाहेरचा बांध आणि झडप ही पहिली फळी. आतला दुसरा बांध आणि मोरीच्या फळ्या ही दुसरी. झडप मोडली तर फळ्या सरकवून मध्ये माती भरता यावी, म्हणून त्या फळ्या आणि थोडी माती उघाडीजवळ कायम तयार असावी. बांधाच्या बाहेरचे कांदळवन ही तिसरी फळी. ते लाटेचा जोर मोडते. मात्र खांड महिनोन्महिने उघडी राहिली की तेच कांदळवन शेतात उगवते. २०१८च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने कांदळवनाला कडक संरक्षण दिले आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच खांड त्याच हंगामात बुजवायला हवी. उशीर झाला तर ते शेत पुन्हा शेत होणे अवघड होते.

उघाडी मोठ्या उधाणाच्या रात्री मोडते असे दिसते, पण त्या रात्रीची तयारी तिने कित्येक महिने केलेली असते: एक अडकलेले लाकूड, चार कवचे, एक जड झालेली बिजागरी. यातले प्रत्येक काम एका माणसाचे, एका ओहोटीचे आहे. फक्त तो माणूस कोण, हे ठरलेले नसते. जुन्या व्यवस्थांत अन्याय होते, पण बांध कोणी पाहायचा हे तिथे ठरलेले होते. आज बांधणी आणि मोठी दुरुस्ती शासनाची हे बरोबर आहे. बैठकीवरून बोट फिरवण्याचे काम मात्र गावातच राहणाऱ्याचे. प्रत्येक उघाडीला गावाने एक नाव लावून द्यावे, त्या माणसाला त्याच्या वेळेचे मोल द्यावे आणि ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी: तारीख, तिथी, झडप मोकळी आहे का, गळती आहे का, काय केले. खारभूमी विभागाकडे दुरुस्ती मागायला जाताना ही वही हातात असली, तर मागणीमागे पुरावा उभा राहतो. येत्या मेमधल्या पौर्णिमेच्या ओहोटीला पहिली नोंद करता येईल.